रानपाखराचं पिल्लू सापडलं तर: गावाकडून नेहमी येणारे प्रश्न

पळस झडला की विदर्भातल्या गावांतून पिल्लांचे हे फोन सुरू होतात आणि धान निसवेपर्यंत थांबत नाहीत. कोणाच्या सपरीत चिमणीचं पिल्लू पडलेलं असतं, कोणाच्या ट्रॅक्टरपुढे टिटवी पंख पसरून उभी असते, कोणाच्या पोट्ट्यांनी पोपटाचं पिल्लू खिशात घालून आणलेलं असतं. प्रश्न मात्र फिरून फिरून तेच. घाई असेल तर पहिले तीन वाचा आणि उठा. बाकीचं पिल्लू सावलीला लागल्यावर वाचलं तरी चालेल.

पिल्लू जमिनीवर दिसलं. उचलू का?

लगेच नाही. आधी चार पावलं मागे सरा आणि नीट बघा. अंगावर पिसं आहेत का? रक्त दिसतंय का, एखादा पंख लोंबतोय का? मुंग्या लागल्यात का? आसपास मांजर, कुत्रं घुटमळतंय का?

जमिनीवर दिसणारी बरीचशी पिल्लं पडलेली नसतात, उतरलेली असतात. अशाला घरी नेलं तर त्याच्या आईबापांच्या डोळ्यांदेखत तुम्ही ते पळवून नेलेलं असतं. पण मुंग्या लागल्या असतील, किंवा पिल्लू रस्त्यावर, तापलेल्या सिमेंटवर असेल, तर बघत बसू नका. हलक्या हातानं उचला, मुंग्या मऊ कापडानं झटका आणि पाच-दहा पावलांवरच्या झुडपात, सावलीला ठेवा. पुढचा विचार तिथून करा.

ते पडलंय की आपणहून उतरलंय, हे कसं ओळखायचं?

पिसांवरून आणि पायांवरून. अगदी कोवळं पिल्लू उघडंवाघडं असतं: गुलाबी अंग, मिटलेले डोळे, फुगीर पोट, पाठीवर तुरळक लव. थोडं मोठं झालं की पिसं बारीक नळ्यांत गुंडाळलेली दिसतात. या दोघांची जागा घरट्यातच. ती खाली दिसली म्हणजे वाऱ्यानं, वानरांच्या उड्यांनी किंवा भावंडांच्या रेटारेटीत पडली.

दुसरं पिल्लू वेगळं. अंगभर पिसं, शेपूट आखूड, डोळे टक्क उघडे, चोचीच्या कोपऱ्याला पिवळी कड, डोक्यावर अजून दोन-चार लवेचे केस उभे. बोटावर ठेवलं तर नखांनी घट्ट धरतं आणि खाली सोडलं की टुणटुण उड्या मारत कुंपणात घुसतं. हे उतरलेलं. साळुंकी, बुलबुल, दयाळ, सातभाई यांची पिल्लं नीट उडता यायच्या आधीच घरटं सोडतात आणि काही दिवस झुडपाखाली, काटेरी कुंपणात, तुराट्यांच्या ढिगात काढतात. आईबाप तिथंच येऊन भरवतात. उडायला ती अशीच शिकतात, त्यामुळे "बिचाऱ्याला उडताच येत नाही" हे खरं असलं तरी काळजीचं कारण नाही.

तासभर झाला, आईबाप येतच नाहीत.

बहुतेक वेळा ते येत नाहीत कारण तुम्ही तिथं उभे आहात. आणि तुमच्यासोबत शेजारचे चार जण, त्यांची लेकरं, मोबाईल. तारेवर बघा. चोचीत अळी धरून साळुंकी कर्कश ओरडत बसलेली दिसेल. ती तुम्ही जायची वाट बघतेय. सगळ्यांना हाकला, घरात जा आणि खिडकीतून बघा. मोकळ्या शेतात असाल तर निदान पन्नास पावलं लांब, झाडाआड बसा.

चिमणी, बुलबुल यांसारखे छोटे पक्षी दिवसभर थोड्या थोड्या मिनिटांनी घास आणतात, त्यामुळे तास-दोन तासांत उत्तर मिळतं. घार, शिक्रा यांच्या दोन खेपांत बराच वेळ जाऊ शकतो. घुबडं तर अंधार पडल्याशिवाय येणारच नाहीत. आईबापांपैकी एक मेलेला सापडला तरी आशा सोडू नका. पुष्कळ जातींत दोघंही भरवतात आणि उरलेला एकटा निभावून नेतो.

दिवेलागणीपर्यंत पिसं आलेलं पिल्लू जमिनीवरच राहिलं, तर त्याला जवळच्याच दाट झाडाच्या फांदीवर, डोक्याच्या वर ठेवा. रात्री गावात मांजरं फिरतात.

माणसाचा हात लागला की माय पिल्लू टाकून देते म्हणतात. खरं आहे का?

नाही. आपलं पिल्लू पक्षी जागेवरून, आवाजावरून, वासलेल्या चोचीवरून ओळखतात. एकदा हातात घेऊन घरट्यात ठेवलं म्हणून कोणी पिल्लू टाकत नाही. घरट्याशी वारंवार खेळ केला, रोज फांदी वाकवून फोटो काढले, विशेषतः अंडी असताना, तर मात्र पक्षी घरटं सोडतात. या समजुतीमुळे पोट्ट्यांचे हात आवरतात, तेवढी ती कामाची. पण पिल्लू परत ठेवायची वेळ आली की तीच आडवी येते.

उघडं पिल्लू आहे, घरटं वर दिसतंय. परत कसं ठेवू?

आधी अंग गरम आहे का बघा. गार पडलं असेल तर दोन्ही तळव्यांत धरून ऊब द्या, कारण थंडगार पिल्लू चोच उघडत नाही आणि चोच न उघडणाऱ्याला माय भरवत नाही. ऊब आली, हालचाल सुरू झाली की शिडी लावून घरट्यात ठेवा. आत भावंडं असतील तर तीही एकदा बघा. मेलेलं असेल ते काढून टाका.

घरटं हाताला लागत नसेल किंवा वादळात पार उधळलं असेल तर नवं करून द्या. लहान दुरडी, बांबूचं टोपलं, फुटक्या प्लास्टिकच्या डब्याचा तळ, काहीही चालतं. पाणी साचू नये म्हणून तळाला भोकं हवीत. आत सुकं गवत घाला. कापूस मात्र नको. आपल्याकडे हाताशी कापूसच असतो म्हणून सगळे तोच घालतात, पण त्याचे धागे पिल्लाच्या नखांत आणि पायांत गुंततात. जुन्या घरट्याच्या काड्या सापडल्या तर त्या वर पसरा. टोपलं त्याच झाडाला, जुन्या जागेच्या जितकं जवळ बांधता येईल तितकं बांधा, दिवसभर सावली राहील अशा बाजूला. मग लांब होऊन बघा. आवाज ओळखून आईबाप टोपल्यावर येतात.

कवेलूच्या (कौलारू) घरात चिमणीचं घरटं वाश्याच्या फटीत असतं आणि पिल्लू थेट चुलीजवळ येऊन पडतं. तेव्हा फटीपर्यंत हात जात नसेल तर खाली खिळ्याला खोका टांगला तरी चिमणा-चिमणी तो धरतात. पंखा मात्र तेवढे दिवस बंद ठेवा. चिमणीची पिल्लं साधारण दोन आठवड्यांत घरट्याबाहेर पडतात, तेवढं सोसता येतं.

"भाऊ, ते चोच वासून राह्यलं, पाणी पाजू का?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि पिल्लं सगळ्यात जास्त मरतात ती याच्याच उत्तरानं. नका पाजू. पिल्लाची चोच उघडून बघितली तर जिभेच्या मुळाशी एक बारीक भोक उघड-मीट करताना दिसेल. ती श्वासनळी. ड्रॉपरनं, चमच्यानं, सुईशिवायच्या सिरिंजनं सोडलेलं पाणी सरळ त्यात उतरतं आणि पिल्लू बुडून मरतं. मरायला वेळ लागतो, म्हणून लोकांना वाटतं की आधीच आजारी होतं. घरट्यातल्या पिल्लाला वेगळं पाणी लागतही नाही. अळी-किड्यांतून पाणी मिळतं. पिल्लू उन्हानं गळालं असेल आणि पाणी द्यायलाच हवं असं वाटलं, तर जनावरांच्या डॉक्टरला फोन करा आणि तो सांगेल तसंच द्या.

दूध तर नकोच. पक्ष्यांना दूध पचत नाही, हगवण लागते. पोळी-दुधाचा काला, पारले बिस्किट, भात, मुरमुरे, शेव यातलं काहीही नको. मोठी चिमणी ज्वारी टिपते म्हणून पिल्लालाही दाणे चालतील असं वाटतं, पण चिमणी आपल्या पिल्लांना वाढवते ती मुख्यतः अळ्या, किडे, नाकतोडे भरवून. पारवा आणि होला यांचा तिसराच प्रकार. त्यांची पिल्लं आईबापाच्या घशात चोच घालून तिथं तयार होणारा दह्यासारखा चारा खातात. तो घरात बनत नाही. (पारव्याचं कोवळं पिल्लू पिवळट लवेचं, लांब बोजड चोचीचं आणि भलतं कुरूप असतं. "गिधाडाचं पिल्लू सापडलं" असे फोन येतात त्यांतली बरीच ही निघतात.)

थोडक्यात, पिल्लू कोणाचं हे कळल्याशिवाय काहीही भरवू नका. पिल्लू उपचार करणाऱ्या माणसापर्यंत लवकर पोचलं तर काही तास उपाशी राहिल्यानं जितकं नुकसान होतं, त्यापेक्षा चुकीच्या घासानं जास्त होतं.

मे महिन्यात पिल्लं टपटप पडतात. आमच्याकडे ४५-४६ अंश ऊन असतं. हे नियम तेव्हाही लागू का?

सगळे नाही. शहरातल्या लोकांसाठी लिहिलेल्या सूचनांत "पिल्लाला ऊब द्या, गरम पाण्याची बाटली ठेवा" असं हमखास असतं. चंद्रपूर-ब्रह्मपुरीच्या नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ तापलेल्या दिवसांत, ते करणं म्हणजे भाजणं. आपल्याकडे एप्रिलच्या मध्यापासून पहिला मान्सून पडेपर्यंत दिवसा पिल्लाला ऊब नाही, गारवा लागतो.

पक्ष्यांना घाम येत नाही. ते चोच उघडून धापा टाकतात आणि पंख अंगापासून दूर धरतात. टिनाच्या पत्र्याखालच्या किंवा भिंतीच्या भोकातल्या घरट्यात तापमान असह्य झालं की पिल्लं कडेला सरकत येतात आणि खाली पडतात, कधी उडीही घेतात. म्हणजे घरटं ठीक आहे, पिल्लूही ठीक आहे, फक्त दुपार वाईट आहे. अशाला भर दुपारी परत त्याच पत्र्याखाली ठेवलं तर ते पुन्हा पडेल. खोक्यात घालून घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात ठेवा. मातीच्या भिंतीची खोली सिमेंटच्या स्लॅबपेक्षा केव्हाही बरी. कूलर असेल तर त्याच खोलीत, पण हवेचा झोत सरळ अंगावर नको. पाणी शिंपडून पिल्लू भिजवू नका. खोक्याखाली ओलं पोतं ठेवलं तर पुरे. ऊन उतरलं, पाचच्या पुढे गेलं, की परत घरट्यापाशी न्या आणि आईबाप येतात का बघा. शक्य असेल तर पत्र्यावर पऱ्हाटी (कपाशीची सुकी झाडं) किंवा तुराट्या टाका, आतल्या घरट्याला तेवढीच सावली.

धापा आणि भूक यांत गल्लत होते. भुकेलं पिल्लू तुमची चाहूल लागली की मान ताणून चोच उघडतं आणि ओरडतं, मग मिटतं. उन्हानं हैराण झालेलं चोच उघडीच ठेवतं, घसा भरभर हलतो, आवाज नसतो.

आणि पावसात भिजलेलं असेल तर?

तेव्हा ऊब. कापडानं टिपून घ्या, चोळू नका. खोक्याच्या एका बाजूला कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. चुलीजवळ नको, धूर लागतो. झड थांबली की परत झाडापाशी.

मांजरानं धरलं होतं, पण जखम दिसत नाही. सोडून देऊ?

सोडू नका. मांजराचे दात सुईसारखे, जखम पिसांत झाकलेली राहते आणि तोंडातल्या जंतूंमुळे पिल्लू एक-दोन दिवसांत दगावतं. याला त्याच दिवशी डॉक्टर हवा, प्रतिजैविक लागतं. ते स्वतःच्या अंदाजानं कोंबड्यांचं औषध पाजून भागत नाही.

वखर चालू असताना टिटवीची पिल्लं दिसली. उचलून बाजूला ठेवली तर चालेल का?

टिटवी, तितर, लावा, मोर ही मंडळी वेगळी. यांची पिल्लं अंड्यातून निघाली की लव सुकताच धावतात, स्वतः टिपून खातात. घरटं म्हणजे जमिनीवरचा खळगा, टिटवीचा तर ढेकळांत, चार मातकट ठिपक्यांची अंडी. माय ओरडली की पिल्लं जागच्या जागी चिकटून बसतात, मान मातीला टेकवून, आणि तुम्ही हात लावला तरी हलत नाहीत. लोकांना वाटतं जखमी आहे, अशक्त आहे. तसं काही नसतं, त्याला हुकूम मिळालेला असतो. तुम्ही गेलात आणि टिटवीचा सूर बदलला की ते उठून पळतं.

म्हणून उचलून घरी नको. ट्रॅक्टर, डवरा येतच असेल तर पिल्लू हातात घेऊन चार-पाच ओळी पलीकडे, नांगरून झालेल्या भागात, आईच्या नजरेसमोर ठेवा. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, ठेवायचं असेल तर आधी कुत्रं नाही ना बघा. अंडी असतील तर तेवढा तुकडा सोडून वखरा. टिटवी साधारण चार आठवडे उबवते, त्यातले किती झाले हे तुम्हाला माहीत नसतं, पण हात-दोन हात जागेनं पीक बुडत नाही. खुणेला काठी रोवा, म्हणजे गड्याला दिसेल. काठी अगदी अंड्यांजवळ नको, कावळा तिच्यावर येऊन बसतो.

टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली तर पाऊस जोराचा, खोलगट जागी घातली तर कमी, असं जुने लोक सांगतात. पावसाचं मला सांगता येणार नाही, पण त्या निमित्तानं म्हातारे शेतकरी टिटवीची अंडी कुठं आहेत ते नेमकं जाणून असतात. वखरणीआधी त्यांना विचारा.

गहू-हरभऱ्याच्या सोंगणीत लाव्याची अंडी-पिल्लं सापडतात. हार्वेस्टर लावत असाल तर शेताच्या मधून कडेकडे कापत या, म्हणजे जिवांना धुऱ्याकडे पळायला वाट राहते. कडेनं गोल गोल कापत आत गेलात तर सगळे शेवटच्या पट्ट्यात अडकतात. आणि मे महिन्यात धुरा पेटवणं टाळा. त्या गवतात कोण बसलंय ते वरून दिसत नाही.

गोंदिया-भंडाऱ्याकडे धानाच्या बांधीत सारस घरटं करतो. ते दिसलं तर काहीही हलवू नका, वनविभागाला कळवा. आपल्या राज्यात सारसाची वीण मुख्यतः याच पट्ट्यात उरली आहे, एकेक पिल्लू मोलाचं.

गोदामात घुबडाची पिल्लं सापडलीत. लोक म्हणतात अशुभ, मारून टाका.

मारू नका. गुन्हा तर आहेच, तोटाही आहे. पांढऱ्या, हृदयासारख्या चेहऱ्याचं ते गव्हाणी घुबड. पडक्या वाड्यात, धान्याच्या गोदामात, जिनिंगच्या माळ्यावर पिल्लं घालतं आणि रात्रभर उंदीर आणतं. जवळ गेलं की पिल्लं सापासारखी फुत्कारतात, म्हणून लोक घाबरतात. अंडी एकदम घातलेली नसतात, त्यामुळे एकाच घरट्यात एक पिसं आलेलं आणि एक लवेचा गोळा अशी लहान-मोठी पिल्लं असतात. लहान आहे ते आजारी नसतं. काही आठवडे दार उघडं-बंद करताना जरा आवाज कमी करा, ती निघून जातील.

आंब्याच्या, चिंचेच्या ढोलीतला ठिपक्यांचा पिंगळा वेगळा. त्याची पिल्लं उडता येण्याआधी ढोलीबाहेर येऊन फांद्यांवर चढतात, कधी खाली पडतात आणि चोच-नखांनी परत खोडावर चढतात. नुसती जमिनीवर असतील तर त्याच झाडाच्या फांदीवर ठेवा. मेळघाटाच्या आसपास असाल तर अजून एक गोष्ट. तिथं रानपिंगळा आहे. १८८४ नंतर तो शास्त्रज्ञांच्या हाती लागला नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते, आणि १९९७ मध्ये नंदुरबारकडे शहाद्याजवळ पुन्हा सापडला. तुम्हाला दोन्ही पिंगळे सारखेच वाटतील, तेव्हा जंगलातला पिंगळा उचलण्याआधी फोटो काढून वनविभागाच्या बीट गार्डला दाखवा.

दिवाळीच्या आधी कोणी घुबडाची पिल्लं "विकत घेतो" म्हणून आला तर तो कशासाठी घेतोय हे सांगायला नको. पोलिसांना किंवा वनविभागाला कळवा.

काळं, लांब पंखांचं पाखरू अंगणात पडलंय. पंख धड आहेत पण उडत नाही.

पाकोळी असेल. पुलाखाली, जुन्या देवळाच्या मंडपात यांच्या गवताच्या आणि पिसांच्या घरट्यांची वस्ती असते. पाय इतके आखूड की सपाट जमिनीवरून उठणं तिला जड जातं. पंख शेपटीच्या पुढे गेलेले असतील, म्हणजे वाढ पूर्ण झाली असेल, तर उघड्या तळहातावर ठेवून मोकळ्या जागी हात उंच धरा. हवेत फेकू नका. तयार असेल तर थरथरेल आणि जाईल. नाहीच गेली तर खोक्यात ठेवून डॉक्टर गाठा.

चिंचेवर बगळ्यांची वस्ती आहे, दर वादळात पिल्लं पडतात. सगळी घरी आणू?

सगळी वाचणार नाहीत, हे आधी धरून चला. बगळ्याचं पिल्लू उचलताना तोंड दूर ठेवा, ते सरळ डोळ्यावर चोच मारतं. डोक्यावरून कापड टाकून मग धरा. पंख मोडलेलं नसेल आणि चालत असेल तर खालच्या फांदीवर चढवा, ते स्वतः वर सरकतं. मोडलेलं असेल तर वन्यजीव उपचार केंद्राकडे. पण खरं काम वेगळं आहे. घाण पडते, वास येतो म्हणून ऐन ऑगस्टमध्ये फांद्या छाटायचा ठराव होतो. ग्रामसभेत उभं राहून तो दिवाळीनंतर ढकला. तेवढ्यानं जितकी पिल्लं वाचतील तितकी खोक्यांत घालून वाचणार नाहीत.

कावळा कोणाला तरी भरवतोय, ते त्याच्यासारखं दिसतच नाही.

कोकिळेचं पिल्लू. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. पावशा आणि चातक सातभाईच्या घरट्यात घालतात, त्यामुळे सातभाईच्या कळपात एखादं भलतंच पिल्लू "भरवा, भरवा" करत हिंडताना दिसतं. वेगळं काढायला जाऊ नका.

पोपटाचं पिल्लू पोट्ट्यांनी ढोलीतून काढलं. आता पाळलं तर काय होईल?

देशी पोपट पाळणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली गुन्हा आहे. मैना, मुनिया, तितर, मोर सगळेच त्यात आले. अंडीही आली, म्हणजे मोराची अंडी कोंबडीखाली उबवून घेणंही चालत नाही. वन्य पक्षी सरकारची मालमत्ता मानला जातो आणि तो कोणत्याही मार्गानं हाती आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा वनविभागाला कळवावं लागतं. वाचवायला म्हणून घरी ठेवलेलं पिल्लूही यात येतं. म्हणून उचललंत त्याच दिवशी एक फोन करून ठेवा.

पोरांना बडवू नका. ढोली कोणती ते विचारा, बहुतेक वेळा अचूक सांगतात. त्याच दिवशी, दुसऱ्या दिवशी परत ठेवलं तरी आईबाप भरवतात. आठवडा उलटला असेल, पिल्लू माणसाच्या हातून खायला लागलं असेल, तर मात्र परत ठेवून उपयोग नाही. ते केंद्रात द्या. "मोठं झालं की सोडून देऊ" हे ऐकायला बरं वाटतं. घरात वाढलेल्या पाखराला शिक्रा काय आणि मांजर काय, कळत नाही.

कोणाला फोन करायचा?

वनविभागाचा टोल फ्री क्रमांक १९२६. गावाचा बीट गार्ड आणि राऊंडचा वनपाल यांचे नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवले तर आणखी बरं. नागपुरात सेमिनरी हिल्सवर वनविभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे वन्यजीवांचं उपचार केंद्र, आहे, शहराच्या वेशीवर गोरेवाडा बचाव केंद्र आहे. चंद्रपुरातही वन्यजीव उपचार केंद्र आहे, आणि वर्ध्याजवळ पिपरी मेघेला करुणाश्रम हे प्राण्यांचं बचाव केंद्र. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात रोजचं काम गाई-बैलांचं, तरी जखम धुणं, मोडलेला पंख बांधणं तिथं होऊ शकतं. जाण्याआधी विचारून घ्या. आसपासचे सर्पमित्रही बऱ्याचदा पक्ष्यांचं काम जाणतात.

एसटीनं न्यायचं आहे. कसं नेऊ?

पुठ्ठ्याचं खोकं, आकारानं पिल्लाच्या दुप्पट, वरून पेन्सिलीनं पाडलेली भोकं, आत कापड किंवा कागद. झाकण बंद. अंधारात पिल्लू शांत राहतं. तारेचा पिंजरा नको, पिसं तुटतात. खोकं मांडीवर ठेवा, इंजिनच्या बाजूची आणि उन्हाची जागा टाळा. कौतुकानं दर फाट्यावर उघडून दाखवू नका. कुठल्या झाडाखाली, कोणत्या गावात, किती वाजता सापडलं ते चिठ्ठीवर लिहा. बरं झाल्यावर सोडायला तेच लागतं.

वादळात सुगरणीचं अख्खं घरटं विहिरीजवळ पडलंय.

आधी हलवून नव्हे, हात घालून बघा. नर अर्धवट घरटी विणून सोडून देतो, टोपीसारखी, तळ नसलेली. ती रिकामीच असतात. नळी असलेलं, पूर्ण विणलेलं असेल आणि आत पिल्लं असतील तर त्याच बाभळीच्या किंवा शिंदीच्या झाडावर, जिथं बाकीची घरटी लोंबतात तिथंच, सुतळीनं घट्ट बांधा. नळीचं तोंड खाली राहू द्या.

पिल्लू मेलं. आता?

खोल पुरा, कुत्रं उकरणार नाही इतकं. हात साबणानं धुवा, खोकं जाळा, कापड उकळून घ्या. घरी कोंबड्या असतील तर रानपाखराचं खोकं त्यांच्या खुराड्याजवळ पहिल्यापासूनच ठेवू नका, रोग दोन्हीकडे जातो.

एकाच जागी अनेक पक्षी मेलेले दिसले, मान वाकडी झालेली, तोल जात असलेले, तर एकालाही हात लावू नका आणि पोरांनाही लावू देऊ नका. बर्ड फ्लू असू शकतो. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्यात तीन वाघ आणि एक बिबट याच रोगानं गेले. पशुसंवर्धन विभागाच्या तालुक्याच्या दवाखान्यात कळवा, ते येऊन नमुने घेतात. तोवर त्या जागेकडे कोंबड्या सोडू नका.